संबळ माळ्यावर टाकण्याआधी

चिरंजीव,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. "काका, बँडवाले म्हणतात संबळ फार कर्कश वाटतं, त्याऐवजी काहोन वाजव. युरोपचा दौरा आहे. काय करू?" काहोन म्हणजे ती लाकडी पेटी, तिच्यावर बसून हातांनी वाजवायची.

तू गुणी आहेस, मेहनती आहेस, हे तुला सांगत बसत नाही. तुला ते ठाऊक आहे. एका माणसाची गोष्ट सांगतो. स्वतःचं उदाहरण द्यावं अशी माझी लायकी नाही, का ते पुढे कळेल.

हसन हकमून. जन्म १९६३, मोरोक्कोतलं मराकेश. आई झाडफूक करून आजार उतरवणारी, गावात नाव असलेली. पोरगा चौथ्या वर्षापासून गारुडी आणि आग ओकणारे यांच्यासोबत रस्त्यावर वाजवायचा, चौदाव्या वर्षी स्वतःचा ताफा घेऊन ग्नावांच्या रात्री वाजवू लागला. ग्नावा म्हणजे सहाराच्या पलीकडून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. त्यांच्या विधीला 'लीला' म्हणतात. अरबीत लीला म्हणजे रात्र, आपली कृष्णलीला नव्हे. आजारी, पछाडलेल्या माणसासाठी रात्रभर वादन, धूप, सात रंगांची वस्त्रं, एकेका रंगाला एकेका अदृश्य शक्तीचं आवाहन, ते थेट पहाटेपर्यंत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भरलेला चौक दिसला, पेटलेली दिवटी दिसली आणि एकेका देवाला 'गोंधळा ये' म्हणून हाक मारणारा तुझा आजा दिसला.

हसनचं वाद्य सिंतीर. एका ओंडक्यातून कोरलेली लांबट पेटी, वर उंटाचं कातडं, आतड्याच्या तीन तारा. उजव्या हाताची बोटं तार छेडतात आणि त्याच झटक्यात कातड्यावर थापही पडते. खर्जाची तार आणि ताल एकाच हातात. दांडीच्या टोकाला पत्र्याची पट्टी, तिच्यात कड्या, त्या प्रत्येक आघाताला खळखळतात. स्वच्छ आवाजाची चटक लागलेल्या माणसाला हे 'कर्कश'च वाटणार.

१९८७ साली तो न्यूयॉर्कला आला, लिंकन सेंटरमध्ये वाजवलं आणि तिथेच राहिला. मला पहिला प्रश्न पडला तो असा की तार तुटली तर हा बाबा तिथे आतड्याची तार आणत कुठून असेल? तुझं कातडं पावसाळ्यात उतरलं की तू रडतोस, म्हणून विचारतो.

आता नीट ऐक. त्याने सोवळं पाळलं नाही. जाझवाल्या डॉन चेरीचा ट्रम्पेट शेजारी घेतला. क्रोनोस क्वार्टेटच्या चार पाश्चात्त्य तंतुवाद्यांमध्ये जाऊन बसला. १९९३ साली इंग्लंडचा गायक पीटर गॅब्रिएल, त्याच्या रिअल वर्ल्ड या रेकॉर्ड कंपनीने हसनचा अल्बम काढला, त्यात इलेक्ट्रिक गिटार आहे, ड्रमसेट आहे. पण मांडीवर सिंतीरच. भोवतीचं सगळं बदललं, हातातलं बदललं नाही. मी तुला आयुष्यात एवढंच शिकवणार आहे: भोवतीचं बदल, हातातलं बदलू नको.

तू म्हणशील, त्याला नशिबाने माणसं भेटली. भेटली असतील. पण ती सिंतीर ऐकून भेटली. काहोन वाजवणारे युरोपात काय कमी आहेत? तुला विमानात बसवून नेण्याचं त्यांना कारण काय, हा साधा हिशेब तुला सुचत नाही का? राग येतो मला.

राग तुझा नाही, माझाच आहे. मी ढोलकीवाला होतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ऑर्केस्ट्राच्या मालकाने सांगितलं, ऑक्टोपॅड शिकून घे, ढोलकी त्यातच आहे. विजेवर चालणारे आठ रबरी चौकोन. मी शिकलो, ढोलकी माळ्यावर टाकली. बावीस वर्षं ऑक्टोपॅड वाजवला. त्यातून डोंबिवलीची खोली झाली, दोघी मुलींची कॉलेजं झाली, तुझ्या काकूचं ऑपरेशन झालं. तेव्हा मी चुकलो असं कुणी म्हणू नये. तूही म्हणू नको. हप्ता महिन्याच्या पाच तारखेला जातो, त्याला परंपरा कळत नाही.

पण मग ऑक्टोपॅडही जुना झाला आणि फोन बंद झाले. गेल्या दिवाळीत साफसफाईला ढोलकी खाली काढली तर चाटेच्या बाजूचं पान, म्हणजे कातडं, उंदरांनी कुरतडलेलं. खोडाला बोट लावून पाहिलं, लाकूड ठणठणीत होतं. मी तिथेच माळ्याच्या शिडीवर बसून राहिलो. काकू खालून विचारत होती, जाळी काढली का म्हणून.

म्हणून पोटासाठी काय करायचं ते कर. कुरिअरची नोकरी घ्यायची म्हणतोस ना? घे. लाज कसली? नोकरी हातातलं काढून घेत नाही, संध्याकाळी परत देते. मला नोकरीची भीती नाही, त्या काहोनची आहे. कारण तेही वाजवणंच, टाळ्याही तशाच पडतात, आणि आपण सोडलं हे आपल्याला वीस वर्षं कळत नाही.

आणि मान मिळायची वाट पाहत थांबू नको. ग्नावांच्या परंपरेला युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं ते २०१९ साली. हसनने देश सोडून तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती.

बँडवाल्यांना सांग, संबळासाठी जागा असेल तर येतो. आवाज मोठा वाटत असेल तर माइक लांब ठेवा. काठी हलकी धरायला तुला येते, देव्हाऱ्यापाशी वाजवतोस तसं वाजवून दाखव. नाही म्हणाले तर दौरा गेला. वाईट वाटेल, खरंच वाटेल, मी काही गोड बोलणार नाही.

रविवारी ये. संबळ घेऊन ये, रिक्षाचे पैसे मी देतो. ढोलकी मढवायला टाकली आहे, शनिवारी मिळेल असं तो म्हणालाय. माझा हात बसलेला नाही, हसू नको.

तुझा,
काका