बाबांचा गुरुवार

प्रश्न : ताई, माझे वडील गेल्या वर्षी गेले. भोसरी एमआयडीसीत त्यांचं छोटं वर्कशॉप. दोन सेकंडहॅण्ड लेथवर सुरू केलं होतं, आता भाऊ सांभाळतो. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. नातेवाईक आणि कामगारांना द्यायला एक छोटी स्मरणिका काढायची ठरली आणि लिहायचं माझ्या गळ्यात पडलं. भाऊ म्हणतो, धंदा कसा उभा केला ते लिही. मशीन, ऑर्डरी, सत्कार. आई म्हणते, ते घरी कसे होते ते लिही. चारदा लिहायला बसले. 'प्रेमळ पिता, आदर्श पती, कष्टाळू उद्योजक' एवढं झालं की पेन थांबतं. तशा आठवणी आहेत. गुरुवारी त्यांना सुट्टी आणि आम्हाला शाळा, म्हणून मधल्या सुट्टीत ते स्वतः डबा घेऊन फाटकाशी यायचे. पण असलं काही स्मरणिकेत शोभेल का? आणखी एक. एका मंदीच्या वर्षी दिवाळीचा बोनस द्यायला त्यांनी आईच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. भाऊ म्हणतो, हे लिहू नकोस, बाबांची शान जाईल. काय करू?
(एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. पेन का थांबतं ते मला आमच्या घरामुळे माहीत आहे.

माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, नारायण पेठेत छापखाना होता. एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या केसेस (शिशाची सुटी अक्षरं ठेवायच्या खणांच्या पेट्या) आणि ते स्वतः. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हॅण्डबिलं अशी किरकोळ कामं. मशीनच्या मागच्या फळीवर दोऱ्याने बांधलेले मजकुराचे चार-पाच ठोकळे कायम तयार असत. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' हा एक. 'भावपूर्ण श्रद्धांजली' दुसरा. घरात मयत झालेली माणसं रात्री-अपरात्री दार वाजवत, त्यांना ताटकळावं लागू नये म्हणून ही सोय. नाव, तिथी, पत्ता एवढंच जुळवायचं, बाकी बांधलेला ठोकळा उचलून बसवायचा. त्या पत्रिकांचे अण्णा कागदापुरतेच पैसे घेत.

तुमचे 'प्रेमळ पिता, आदर्श पती' हे शब्द त्या फळीवरचे आहेत. ते खोटे नाहीत. पण ते कुठल्याही घरच्या माणसाला बसतात, म्हणून तुमच्या बाबांपाशी पोचत नाहीत. पुढचं वाक्य तिथून निघणार कसं?

आता गुरुवार. तुम्ही तो दोन ओळींत सांगून लगेच 'शोभेल का' विचारलंत. माझं मत विचाराल तर स्मरणिकेचं पहिलं पान तेच. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : पिंपरी, चिंचवड, भोसरी या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळे उद्योग एकाच दिवशी बंद ठेवण्यापेक्षा भागाभागाने वार वाटून दिले, तर विजेचा भार विभागला जातो. पण त्या पायी हजारो घरांत बापाची सुट्टी एका वारी आणि पोरांची दुसऱ्या वारी, असं होऊन बसलं. रविवारी मुलं घरी आणि बाप मशीनवर. हे सगळ्यांच्या वाट्याला आलं. तुमच्या बाबांनी मात्र आठवड्यातली एकुलती एक सुट्टी मोडून शाळेचं फाटक गाठलं. भावाला हवा असलेला धंदा आणि आईला हवं असलेलं घर या एका प्रसंगात शेजारी उभं आहे. दोघांसाठी वेगवेगळी प्रकरणं पाडू नका. असे प्रसंग आणखी शोधा.

आमच्याकडचा असा प्रसंग म्हणजे पूर. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते, त्यामुळे हे सगळं ऐकीव, पण इतक्या वेळा ऐकलेलं की डोळ्यांसमोर आहे. पाणी ओसरल्यावर अण्णांनी छापखान्याचं दार ढकललं तर ते उघडेना, आतून चिखल दाबून बसलेला. कागदाची रिमं फुगून लगदा झालेली. केसेस उलथल्या होत्या, सगळे खिळे एकमेकांत मिसळून गाळात रुतलेले. देवनागरीचे खिळे म्हणजे काही इंग्रजीसारखी सव्वीस अक्षरं नव्हेत. मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकड्यांनी खण. अण्णांनी तो गाळ घमेल्यांनी घरी आणला. वाड्याच्या चौकात आई, आजी, आत्या आणि अण्णा रोज संध्याकाळी बसत. चाळणीत गाळ घ्यायचा, पाणी ओतायचं, राहिलेला प्रत्येक खिळा जुन्या दात घासायच्या ब्रशने घासायचा, फडक्यावर वाळवायचा, मग ओळखून खणात टाकायचा. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. आईला तोवर छापलेलंही अडखळत वाचता यायचं. त्या महिन्या-दीड महिन्यात ती उलटी अक्षरं ओळखायला शिकली. पुढे अण्णा आजारी पडले की प्रूफं तीच काढायची.

अण्णा गेले तेव्हा आम्हीही पहिल्या पुण्यस्मरणाला मजकूर दिला, तो त्या फळीवरचाच. पुरातल्या संध्याकाळींबद्दल एक अक्षर नाही. तोवर खिळ्यांशिवाय होणारी ऑफसेट छपाई आली होती, छापखाना बंद झाला होता, खिळे शिशाच्या भावाने भंगारात गेले होते. मी एक 'अ' सुद्धा ठेवून घेतला नाही. आई होती तेव्हा तिच्याकडून नीट लिहून घ्यायला हवं होतं. आत्याने कुठला खण सांभाळला, दिवा कुणी धरला, हे आता विचारायला कुणी नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते : बाकी सगळं थांबवा आणि आधी आईजवळ बसा. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि मध्ये बोलू नका.

मग वर्कशॉपमधल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरकडे जा. त्याला घरी बोलावू नका, सोफ्यावर बसवलं की माणूस 'साहेब देवमाणूस होते' म्हणतो आणि गप्प होतो. त्याच्या मशीनपाशी उभं राहून विचारा. जॉब बिघडला तर बाबा काय म्हणायचे? पगाराला उशीर झाला तर आधी कुणाचं पाकीट भरायचे? खंडेनवमीला पहिला नारळ कोण फोडायचं? जुन्या डायऱ्या आणि चलनबुकं रद्दीत गेली नसतील तर उघडा. आकड्यांच्या कडेला माणसं काहीबाही लिहून ठेवतात.

पाटल्यांचं. भावाची काळजी मी समजू शकते, वडिलांचा मान त्याला जपायचा आहे. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले लोखंडी नांगर गिऱ्हाइकांवाचून पडून होते, लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, हे आपण आजही अभिमानाने सांगतो. त्याने त्यांचं नाव लहान झालं नाही. तुमच्या बाबांनी दिवाळीला कामगारांची घरं अंधारात ठेवली नाहीत, हे त्या कामगारांच्या मुलांना कळायला हवं. मात्र पाटल्या आईच्या होत्या, तेव्हा हो-नाही तिचं. ती हो म्हणाली तर तिच्याच शब्दांत लिहा : कुठल्या दिवशी मागितल्या, ती काय बोलली, काढून दिल्यावर हात कसा दिसला, सोडवून कधी आणल्या. 'त्याग' हा शब्द नको. ती नको म्हणाली तर विषय संपला, भावाशीही पुन्हा काढू नका.

सत्कार आणि मशीनची यादी शेवटच्या पानावर एका चौकटीत द्या. भावाचा मान राहील, आणि ती माहितीही नातवंडांना लागेल. एक फॉर्मा, म्हणजे 16 पानं, पुरे. फोटो देताना मागे पेन्सिलीने नावं लिहून मगच छपाईला पाठवा. पेनाची शाई पुढे उमटते.

महिना हातात आहे. आईला 'बाबांबद्दल सांग' असं म्हणू नका, ती रडेल आणि राहून जाईल. गुरुवारच्या डब्यात काय असायचं आणि तो भरायचं कोण, एवढंच विचारा.