राष्ट्रे एकमेकांशी स्पर्धा करतात का?

प्रश्न : अमेरिकी अर्थनीतिकार क्लाइड प्रेस्टोविट्झ यांचे व्यापारविषयक लेखन नुकतेच वाचले. जपानने ठरवून आघाडी घेतली आणि अमेरिका मुक्त व्यापाराच्या भरवशावर गाफील राहिली, असे ते म्हणतात. उलट, अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांना राष्ट्रांच्या स्पर्धाक्षमतेची भाषाच घातक वाटते. दोघांपैकी कोणाचे ग्राह्य धरावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : प्रेस्टोविट्झ यांचे लेखन वाटाघाटींच्या टेबलावर घडले, हे ते वाचताना ध्यानात ठेवावे लागते. टोकियोच्या केइओ विद्यापीठात शिकलेले आणि जपानी भाषा जाणणारे हे गृहस्थ अमेरिकी अध्यक्ष रेगन यांच्या कारकिर्दीत वाणिज्यमंत्र्यांचे सल्लागार होते. जपानशी बोलणी करताना जे अनुभवास आले, ते त्यांनी १९८८ मध्ये ‘ट्रेडिंग प्लेसेस’ या पुस्तकात मांडले आणि त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये ‘इकॉनॉमिक स्ट्रॅटेजी इन्स्टिट्यूट’ ही संस्था काढली.

त्यांचे म्हणणे मेमरी चिपच्या, म्हणजे संगणकात माहिती साठवणाऱ्या चिपच्या, उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट कळते. चिपच्या धंद्यात जितका माल अधिक काढावा तितका सदोष मालाचा वाटा घटतो आणि नगामागचा खर्च उतरतो. त्यामुळे जो आधी मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू करतो, त्याला मागाहून गाठणे अवघड जाते. १९७६ मध्ये जपानच्या उद्योग मंत्रालयाने हिताची, एनईसी, तोशिबा, फुजित्सु आणि मित्सुबिशी या प्रतिस्पर्धी कंपन्यांना एकाच संशोधन प्रकल्पात आणले. या कंपन्यांना आपल्या समूहातील बँकांचे भांडवल सुलभपणे मिळे, आणि चिपच्या मोठ्या ग्राहकही त्याच होत्या. १९८५ मध्ये अमेरिकेच्या इंटेलला मेमरी चिपचा धंदा सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी दोन्ही देशांनी चिपवरील आयातशुल्क काढून टाकले, तरीही जपानी बाजारपेठेतील परदेशी चिपचा वाटा दहा टक्क्यांच्याच आसपास रेंगाळत राहिला. शुल्क शून्यावर आले, पण खरेदीची रीत बदलली नाही, आणि प्रेस्टोविट्झ यांचा सारा युक्तिवाद याच निरीक्षणावर उभा आहे. तुलनात्मक लाभ, म्हणजे एखादा माल इतरांच्या तुलनेत किफायतीने काढण्याची देशाची क्षमता, हा निसर्गाने बहाल केलेला नसून धोरणाने घडवता येतो, हा त्यांचा निष्कर्ष माझ्या मते भक्कम आहे.

क्रुगमन यांनी १९९४ मध्ये ‘फॉरेन अफेअर्स’मध्ये घेतलेला आक्षेप मात्र वेगळ्याच ठिकाणी लागू पडतो. कोका-कोला आणि पेप्सी एकमेकांचे गिऱ्हाईक पळवतात, तशी राष्ट्रे पळवत नाहीत; जपान समृद्ध झाला म्हणून अमेरिका आपोआप दरिद्री होत नाही, उलट तिला चांगला माल आणि मोठी बाजारपेठ मिळते. त्या काळी अमेरिकेची निर्यात राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दहा टक्केच होती, तेव्हा तेथील राहणीमान मुख्यतः देशांतर्गत उत्पादकतेवर अवलंबून होते. त्याच नियतकालिकाच्या पुढच्या एका अंकात प्रेस्टोविट्झ, अर्थशास्त्रज्ञ लेस्टर थुरो आदींनी याला उत्तरे दिली. पण संपूर्ण देशाचा हिशेब करायचा असेल, तर क्रुगमन यांची बाजू मला अधिक पटते. एखादा उद्योग हातचा जाणे आणि देश मागे पडणे या दोन गोष्टींतले अंतर प्रेस्टोविट्झ पुष्कळदा पुरेसे राखत नाहीत, आणि व्यापारतुटीचा आकडा पुढे आला की त्यांची लेखणी घाई करते. देशातील गुंतवणूक बचतीहून अधिक झाली की त्या तफावतीतून तूट उपजते, हा भाग त्यांच्या मांडणीत दुबळा राहतो.

उपायांचे काय झाले, हेही पाहायला हवे. १९८६ च्या अमेरिका-जपान चिप-कराराने जपानी कंपन्यांवर ठरावीक किमतीहून स्वस्तात चिप न विकण्याचे बंधन आले, आणि जपानी बाजारपेठेत परदेशी चिपचा वाटा पाच वर्षांत वीस टक्क्यांवर जाईल अशी अपेक्षा करारासोबतच्या पत्रात नोंदवली गेली. प्रगती दिसेना, तेव्हा १९८७ मध्ये रेगन सरकारने सुमारे तीस कोटी डॉलरच्या जपानी मालावर शंभर टक्के शुल्क लावले. पुढे मेमरी चिप महागल्या, त्याचा भुर्दंड अमेरिकी संगणक-उत्पादकांना सोसावा लागला, वाढीव नफा जपानी कंपन्यांकडे गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेत कोरियाच्या सॅमसंगला पाय रोवता आले. वीस टक्क्यांची मजल १९९२ च्या अखेरीस गाठली गेली खरी. परंतु मेमरी चिपचा जो उद्योग वाचवायचा होता, त्यात बहुतेक अमेरिकी कंपन्या परतल्या नाहीत. इंटेल सावरली ती मायक्रोप्रोसेसरच्या बळावर. तेव्हा प्रेस्टोविट्झ यांचे निदान घ्यावे आणि औषध मात्र तपासूनच घ्यावे.

प्रश्न : चीनविषयी प्रेस्टोविट्झ यांचे मत काय आहे?
– एक वाचक, पणजी

उत्तर : २००५ मधील पुस्तकात त्यांनी चीन, भारत आणि पूर्वीचा सोव्हिएत गट जागतिक बाजारपेठेत उतरल्याने होणारी उलथापालथ मांडली. २०२१ मधील पुस्तकात त्यांचा सूर अधिक कठोर आहे : व्यापार वाढला की चीनची राज्यव्यवस्था आपोआप उदार होईल, ही अमेरिकेची अपेक्षा फोल ठरली, असे ते ठामपणे लिहितात. नव्या वाचकाने मात्र सुरुवात १९८८ च्या पुस्तकातील चिप-उद्योगावरील प्रकरणापासून करावी, कारण तिथे त्यांच्याजवळ स्वतः पाहिलेला तपशील सर्वाधिक आहे.