ओपनिंग पाठ असूनही पटावर हात का थिजतो?

"घरी सगळं येतं हो, स्पर्धेत मात्र ब्लँक होते." मी समुपदेशक; बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलींचे आईबाबा हेच गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडे येतात. चौदा वर्षांच्या एका मुलीचे बाबा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) सोबत लॅपटॉपच घेऊन आले. त्यात सिसिलियन नायडॉर्फची, म्हणजे काळ्याच्या एका ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींची), वीस-वीस चालींची तयारी. नागपूरकर असल्यामुळे पुढचं वाक्यही ठरलेलं, "आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखला जमतं, हिला का नाही?"

मी मुलीकडे हरलेल्या डावाची स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, मागितली. प्रत्येक चालीपुढे तिनं उरलेली मिनिटं लिहिली होती. पहिलीपुढे ९०, दुसरीपुढे ६८! समोरच्या मुलीनं दुसऱ्याच चालीला वजिराच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवलं होतं. म्हणजे अलापिन, सिसिलियनविरुद्धची वेगळीच वाट; पाठ केलेली नायडॉर्फ तिथेच संपली. काळ्याकडे याला दोन सरळ उत्तरं आहेत, घोडा एफ६ नाहीतर प्यादं डी५. तिला दोन्ही माहीत होती.

"मग एवढा वेळ कसला विचार केलास?"

"बाबांना काय सांगू, याचा."

बाबा गप्प झाले. स्मरणशक्तीच्या गोळ्यांची चौकशीही तिथेच थांबली, हे बरंच झालं.

दिव्या देशमुखचं उदाहरण द्यायचंच तर पूर्ण द्यावं. बटुमीत २८ जुलै २०२५ ला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत, बरोबरी फोडणाऱ्या जलद डावांत (टायब्रेक), कोनेरू हम्पीनं पांढऱ्या मोहऱ्यांनी कॅटलान ही ओपनिंग खेळली. तो डाव ओपनिंगमध्ये सुटला नाही. खूप पुढे, घड्याळ संपत आलं असताना चुका झाल्या आणि दिव्या काळ्यानं जिंकली.

आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. हॉलबाहेर आल्यावर बाबांनी आधी "भूक लागली का?" विचारायचं, डावाचं बोलणं तिनं काढलं तरच. आणि आठवड्यातून दोनदा प्रशिक्षकांनी तिला फिशर रँडम खेळवायचं. त्यात मागच्या रांगेतल्या मोहऱ्यांच्या जागा सोडतीनं ठरतात, मांडण्या ९६०, त्यामुळे पाठांतराचा प्रश्नच नाही. पहिले दोन आठवडे ती वैतागली. मग स्वतःहून मागायला लागली.

भूक विचारणं बाबांना जास्त जड गेलं. मधे एकदा "भूक लागली का, आणि हत्ती का दिलास?" असं एका दमात विचारून झालं.

पुढच्या स्पर्धेत पुन्हा अलापिन आली. तिनं मिनिटभरात घोडा काढला आणि शेवटी हत्तीच्या एंडगेममध्ये, म्हणजे मोजकी मोहरी उरलेल्या अखेरच्या टप्प्यात, हरली. आता बाबांना एंडगेमसाठी समुपदेशन हवंय. त्यांना मी प्रशिक्षकांकडे पाठवलंय.