मुंबईहून सुटणारं ‘एम्प्रेस’ जहाज खरंच नवीन आहे की जुनंच रंगवलेलं? मुलांना घेऊन गेलं तर आत फिरण्यासारखं काय आहे?

जुनं आहे. 1990 सालचं. फ्रान्समध्ये सें-नाझेरच्या यार्डात बांधलेलं, तेव्हाचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’, मालक रॉयल कॅरिबियन ही क्रूझ कंपनी. मायामीहून बहामाला तीन-चार रात्रींच्या फेऱ्या मारण्यासाठीच ते आखलं होतं. 2004 मध्ये ते ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झालं, 2008 पासून काही वर्षं स्पेनच्या पुलमांतुर कंपनीकडे होतं, 2016 ला परत रॉयल कॅरिबियनकडे आलं. मग क्यूबाच्या फेऱ्या केल्या, 2020 च्या डिसेंबरात विकलं गेलं आणि सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या नावाने मुंबईहून सुटू लागलं. यात लपवाछपवी काही नाही.

आता तुमचा तो ‘रंगवलेलं’ शब्द. नेमका हाच शब्द माझ्या थोरल्या भावाने जहाजावर पाय ठेवताक्षणी वापरला होता, म्हणून उत्तर जरा लांबेल.

मी मालवणचा, सुतार. अकरा वर्षं परदेशातल्या यार्डांमध्ये जहाजांच्या आतली कामं केली: भिंतींची पॅनेलं, छतं, काउंटर, मुलांच्या खेळघरांचे गोल कोपरे. 2022 च्या डिसेंबरात हौसेने सगळ्यांची तिकिटं काढली. आई, दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, आम्ही तिघं. मुंबई-गोवा-मुंबई. आईने उभ्या आयुष्यात बोट पाहिली ती कोकणातली जुनी. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटायची आणि रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत दुसऱ्या दिवशी पणजीला पोचायची. मालवणला ती धक्क्याला लागत नसे, दूर उभी राहायची. मचव्यातून, म्हणजे छोट्या होडीतून जायचं आणि वरून कुणीतरी हात धरून ओढून घ्यायचं. त्यामुळे बॅलार्ड पिअरला सगळी तपासणी आटोपून आम्ही जिन्याशी आलो, तर आईचा पहिला प्रश्न: “मचवो खंय हा?”

सगळे हसले. दादा मात्र आत शिरल्या शिरल्या भिंतीवर बोटाने टकटक करत होता. लॉबीत मधोमध बरेच मजले वरपर्यंत मोकळे आहेत, काचेच्या लिफ्ट आहेत. पोरं माना वर करून बघत उभी होती आणि हा म्हणतो, “म्हातारेक पावडर लावलेली हा.” मग परत टकटक. “बघ, लाकूड नाय. पत्रो!”

तुम्हीही टकटक कराल म्हणून सांगतो. तो पत्राच असतो आणि पत्राच असायला हवा. दोन पत्र्यांच्या मध्ये रॉकवूल, म्हणजे न जळणारी दगडी लोकर, आणि वर लाकडासारखी दिसणारी फिल्म. जमिनीवर आग लागली तर माणूस रस्त्यावर पळतो, जहाजावर पळणार कुठे? सोलास या आंतरराष्ट्रीय नियमावलीने 1 ऑक्टोबर 2010 नंतर जुन्या प्रवासी जहाजांची ज्वलनशील सजावटीची सूटसुद्धा काढून घेतली. खऱ्या लाकडात मढवलेली कितीतरी देखणी जहाजं त्या सुमाराला अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. मला त्यांचं वाईट वाटतं, मी सुतार आहे. पण माझी मुलगी ज्या कॅबिनमध्ये झोपणार तिथे मला पत्राच हवा.

हे दादाला पटलं नाही. मग मी पुतण्याला कामाला लावलं: कॉरिडॉरमधून चालत जा आणि भिंतीत लपलेली जाड दारं मोज. जहाज साधारण 211 मीटर लांब आहे. आगीसाठी ते आडव्या पोळीसारखं न कापता पावासारखं उभं कापलेलं असतं आणि एक काप साधारण 40 मीटरचा. प्रत्येक कापाच्या हद्दीवर हे दार, चुंबकाने उघडं धरलेलं. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून बटण दाबलं की सगळी मिटतात. पोरगा एवढा रंगला की दोन डेक मोजून आला आणि दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन तिसरा मोजायला गेला. तुमची मुलं आठ-दहा वर्षांची असतील तर हा खेळ फुकट आहे आणि भिंतीवर चढायच्या त्या खेळापेक्षा जास्त वेळ पुरतो.

ती दारं, जिने, खांब आणि मधली मोकळी जागा ही जहाजाची हाडं. नूतनीकरणात सहसा कुणी हाडांना हात लावत नाही. त्यामुळे जहाजाचं वय जिन्यावर कळतं, सोफ्यावर नाही. बाकीचं सगळं उतरवून परत चढवता येतं, आणि ते नुसतं रंग मारणं नाही हो. जहाज यार्डात उभं असेपर्यंत कमाई शून्य, म्हणून सगळं दोन-तीन आठवड्यांत उरकायचं, दिवसरात्र. वेल्डिंग चालू असेल तिथे शेजारी आग विझवायचा बाटला घेऊन एक माणूस नुसता बसवलेला. पाण्यावर असताना पाणसळ लावून उपयोग नाही, जहाजच हलतं तर बुडबुडा कुठे थांबणार! डेकलाही बाक असतो. एकसारखी दिसणारी वीस पॅनेलं असली तरी प्रत्येकाची तळाची कड वेगळी कापावी लागते. एका कौटुंबिक जहाजावर मी मुलांच्या खोलीतलं एक गोल बाकडं तीनदा कापलं होतं. ते अजून तिथे असेल तर त्यावर कुणीतरी आईस्क्रीम सांडत असेल. ‘एम्प्रेस’वर मी काम केलेलं नाही, पण जोड बघून काम कळतं. लॉबीतले मी बोट फिरवून पाहिले, बरे होते. एका जिन्याच्या वळणावर पट्टी सुटली होती. ती बरोबर दादालाच दिसली.

खरं भांडण जहाजाचं नव्हतंच. आमचं गावातलं घर चिऱ्याचं होतं, फणसाच्या तुळया, पडवी, माडी. पावसाळ्यात दोन ठिकाणी गळायचं आणि चार वासे वाळवीने खाल्ले होते. मी सुट्टीवर आलो तेव्हा हिशोब करून दिला: कौलं उतरवू, वासे-रिपा बदलू, चिरे आणि तुळया तशाच ठेवू, आत न्हाणीघर नवीन करू. दादा म्हणाला, “जुन्याक किती ठिगळां लावतलंस?” 2014 ला पाडलं. तुळया कुणीतरी विकत नेल्या. सुतार घरात असून आमच्या घरात आता एक लाकडी दारसुद्धा नाही, सगळं ॲल्युमिनियम. तोच माणूस बत्तीस वर्षांच्या जहाजाच्या डेकवर मजेत चहा पीत होता. मी म्हटलं, हे फ्रेंचांनी तुझ्या हातात दिलं असतं तर? तो काही बोलला नाही. वहिनी म्हणाली, भावजी, चहा गार होतोय.

बरं, तुमचा प्रश्न. मधली लॉबी रात्री बघा. सगळ्यात खालच्या मजल्यावरून वर आणि मग वरून खाली, दोन्ही वेगळं दिसतं. वरच्या डेकवर काचांनी वेढलेला ‘डोम’ आहे, तिथे दिवसा जा. रात्री गाणी सुरू झाली की समुद्र विसरा. नाट्यगृह, मुलांसाठी वेगळी जागा, पोहण्याचा तलाव, सगळं आहे. तलाव फोटोत मोठा दिसतो, प्रत्यक्षात छोटा आहे. बाल्कनीच्या खोल्या थोड्याच, कारण 1990 मध्ये माणसाने खोलीत झोपायचं आणि बाहेर येऊन बसायचं असा हिशोब होता. मला तो अजून पटतो. बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे घालू नका, साधी खोली घ्या आणि बाहेर बसा. दारू, कॅसिनोचे पैसे अर्थातच वेगळे.

लोकांची खरी ठिकाणं मात्र ब्रोशरमध्ये नसतात. आई पहाटे चारला उठून बाहेरच्या डेकवर गेली, शाल गुंडाळून. मी शोधत गेलो तर कठड्याला धरून उभी, काळोखात किनाऱ्याच्या बाजूला बघत. “मालवण गेला काय रे?” मी मोबाइलमध्ये पाहिलं. गेलं होतं. एवढ्या लांबून दिवेसुद्धा ओळखू येत नव्हते. ती सूर्य येईपर्यंत तिथेच बसली आणि मुरगाव बंदर दिसल्यावरच चहाला आली. पुढे तिने सगळ्या वाडीला त्या जहाजाबद्दल सांगितलं ते एवढंच: “उलटी नाय झाली.”

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पाचच्या आतली मुलं असतील तर दोन रात्री त्यांच्यामागे जिन्यांवर पळण्यात जातील. आणि हे मी 2022 चं सांगतोय, मधल्या काळात हॉल, हॉटेलं, नावं बदललेली असू शकतात, तिकीट काढताना विचारा. पावसाळ्यात इथून फेऱ्या नसतात, डिसेंबर-जानेवारीत समुद्र शांत असतो, तेव्हाच जा. आणि ‘नवीन जहाज’ येईपर्यंत थांबणार असाल तर खुशाल थांबा, दादासारखे. त्याचा स्लॅब तिसऱ्या पावसात गळायला लागला. आता वर पत्र्याची शेड घातली आहे, आणि खालून बोटाने टकटक करून बघायला मी अजून गेलेलो नाही.