केळीचे पैसे आणि महिन्याची मेस

प्रश्न : ताई, मी जळगावला एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. घर रावेर तालुक्यात, चार एकर केळी. केळी कापली की वडील एकरकमी पैसे देतात, मधे मागायची सोय नसते. ऑगस्टमध्ये ३० हजार दिले. खोलीभाडं १८००, मेस २८००. फोन बंद पडला म्हणून १२ हजारांचा नवा घेतला, मैत्रिणीला ४ हजार हातउसने दिले. दिवाळीपर्यंत सगळं संपलं. तेव्हापासून कापडाच्या दुकानात दुपारी ४ ते रात्री ९ उभी असते. ५००० मिळतात, पण अभ्यास पार मागे पडला. रूममेट म्हणते, नोकरी सोड, ॲपवर कर्ज घे आणि केळी कापल्यावर फेड. काय करू?
— एक वाचक, रावेर

उत्तर : पोरी, रूममेटचं अर्धं ऐक. नोकरी सोड, पण कर्ज घेऊ नकोस. बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव उद्या काय निघेल हे तुझ्या वडिलांनाही सांगता येत नाही, आणि तू त्या भावावर व्याज चढवून ठेवणार? शिवाय यातली काही ॲपं फोनमधले नंबर आणि फोटो उचलतात आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन लावतात. कोणी अशा फेऱ्यात सापडलीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवावं.

आता तुझ्या नोकरीचा हिशेब. रोज ५ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १३० तास. ५००० ला भागलं तर तासाला ३८ रुपये. रात्री नऊला परतताना रिक्षा लागत असणार, ते तू लिहिलेलं नाहीस. रोजचे ४० धरले तरी हजार रुपये तिथेच गेले. उरले तासाला ३० च्या आसपास. कॉमर्सच्या पदव्युत्तर मुलीने एवढ्यात साड्यांच्या घड्या घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुझ्या हातात बुककीपिंग आहे. अकरावी-बारावीच्या दोन-तीन मुलींची शिकवणी घे, किंवा एखाद्या सीए नाहीतर कर सल्लागाराच्या ऑफिसात अर्धवेळ विचार. टॅली येत असेल तर उत्तमच. तिथली कामाची गर्दीही आधीपासून ठाऊक असते. दरमहा जीएसटी भरणाऱ्यांची विक्रीची विवरणपत्रं ११ तारखेपर्यंत आणि कर भरायची ३बी ही विवरणपत्रं २० तारखेपर्यंत जायची असतात, म्हणून त्याआधीचे दिवस धावपळीचे. परीक्षेचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे ठेव. सुरुवातीला पैसे दुकानाएवढेच मिळाले तरी चालतील, काम तर तुझ्या विषयातलं असेल. विद्यार्थी विकास विभागात ‘कमवा व शिका’चीही चौकशी कर. ग्रंथालय, विभाग, कार्यालय अशी कामं असतात, मानधन तासावर. फार नसतं, पण कॅम्पसवर असशील तर रिक्षा वाचते.

मात्र खरी गळती नोकरीत नाही. खोली आणि मेस मिळून महिन्याला ४६०० होतात. ३० हजारांत सहा महिने निघून वर २४०० उरले असते. फोन लागतो, मान्य. १२ हजारांचा लागत नव्हता. आणि ते ४ हजार माग. लाजू नकोस, मेसवाली तुझ्यापाशी मागताना लाजत नाही.

पुढच्या वेळी पैसे आले की त्याच दिवशी बँकेत जा. एक महिन्याचा खर्च खात्यात ठेव आणि बाकीच्या ४६००-४६०० च्या पाच एफडी कर : पहिली एका महिन्याची, दुसरी दोन महिन्यांची, अशा चढत्या. मुदत संपली की रक्कम बचत खात्यात जमा करा, असं फॉर्मवरच लिही. व्याज चहापाण्यापुरतंच मिळेल, पण पैसे स्कॅनरपासून लांब राहतील. अडचण आलीच तर एकच मोडायची, बाकीच्या तशाच.

मेसवालीला खाड्याचा नियम विचार. बऱ्याच ठिकाणी सलग काही दिवस नसल्याचं आधी सांगितलं तरच खाडा धरतात. न सांगता रावेरला गेलीस की पूर्ण पैसे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा घरी जायला हरकत नाही. येताना कळण्याचं पीठ आणि बिबडे आण.

कॉलेजच्या ऑफिसात माझा जन्म गेला, म्हणून एक विचारते : महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरलास का? भरला असेल तर आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बँकेत बघून घे. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. शाळेत असताना उघडलेल्या गावच्या खात्यात पैसे पडून आहेत आणि पोरगी काउंटरवर रडतेय, असं कितीदा पाहिलंय.

दुकान सोडताना घाई करू नकोस. बरेच मालक पहिल्या पंधरा दिवसांचा पगार अडकवून ठेवतात. तुझा ठेवलाय का ते आठव, हजेरीच्या वहीतल्या तुझ्या पानाचा फोटो काढून ठेव आणि पगार हातात पडल्यावरच सांग.