आफ्रिकेचं आपल्याला काय? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळा लागला की टँकर सुरू, कापसाला भाव नाही, आणि पेपरात वाचतो की आफ्रिकेतलं शिक्षण, पर्यावरण यासाठी जगभरातून पैसा जातो, आपला देशही देतो. त्या पैशाचं खरंच काही होतं का? आणि आपल्याला त्याचं काय?
– एक कोरडवाहू शेतकरी, शिंदखेडा

उत्तर : दादा, रास्त प्रश्न आहे तुमचा. बराच पैसा वाया गेलाय हे आधीच सांगते. बाहेरून स्कीम आली, झाडं लावली, फोटो झाले, पाणी कोण घालणार हे कुणी विचारलंच नाही आणि दुसऱ्या उन्हाळ्यात नुसत्या काड्या उरल्या, असं तिकडंही खूप झालंय. पण जिथं जमलं तिथं का जमलं हे बघण्यासारखं आहे, आणि ते तुमच्याच कामाचं आहे.

बुर्किना फासो म्हणून देश आहे, सहारा वाळवंटाच्या खाली जो साहेलचा कोरडा पट्टा आहे ना, तिथला. त्याच्या उत्तरेला यातेंगा नावाचा भाग, पाऊस कमी आणि लहरी, जमीन इतकी कडक की पडलेलं पाणी वरच्या वर वाहून जातं. तिथं १९७९ मध्ये ऑक्सफॅम या संस्थेनं झाडं लावायचा प्रकल्प काढला. गावकरी म्हणाले, झाडं नंतर, आधी आमच्या ज्वारी-बाजरीला पाणी कसं मिळेल ते सांगा. आणि संस्थेनं ऐकलं, हे महत्त्वाचं! प्रकल्पच बदलला. शेतात समपातळीवर दगडांच्या ओळी लावायच्या असं ठरलं. दगडाची ओळ घालायची रीत तिथल्या शेतकऱ्यांना आधीपासून माहीत होती, अडचण एकच, उतार इतका कमी की डोळ्याला पातळी कळत नाही. मग आपले गवंडी वापरतात तीच पाण्याची लेव्हल नळी घेतली. पारदर्शक नळीची दोन टोकं दोन काठ्यांना बांधायची, आत पाणी भरायचं, दोन्हीकडं पाणी सारख्या खुणेला आलं की तिथं जमिनीवर रेघ मारायची आणि पुढं सरकायचं. शाळेत न गेलेला माणूससुद्धा हे शिकला आणि शेजाऱ्याला शिकवू लागला. त्या दगडांमागं पाणी थांबलं, गाळ अडकला, गवताचं बी रुजलं.

त्याच भागातला याकुबा सावाडोगो हा शेतकरी. १९८०च्या दुष्काळात लोक गाव सोडून चालले होते, हा मात्र भर उन्हाळ्यात कडक जमिनीत वीतभर खड्डे खणत बसला. खड्डे खणायची रीत तिथली जुनीच, त्यानं ते मोठे केले आणि पावसाच्या आधीच त्यात शेणखत, पालापाचोळा टाकला. खत खायला उधई, म्हणजे वाळवी आली, तिनं जमिनीत बिळं पाडली आणि पहिला पाऊस त्या बिळांतून थेट आत मुरला. आपण उधई दिसली की औषध शोधतो, त्यानं तिला कामाला लावलं. खतातून आलेल्या बियांची झाडं उगवली ती त्यानं राखली, पुढं तिथं जंगल उभं राहिलं. लोक वेडा म्हणायचे, रान पेटवूनसुद्धा दिलं होतं. नंतर हाच माणूस स्वतःच्या शेतावर बाजार भरवून गावोगावच्या शेतकऱ्यांना बियाणं आणि अनुभव वाटायचा. २०१८ मध्ये त्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, २०२३ मध्ये तो गेला.

तुम्हाला हे वाचून आपल्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा आठवलं असेल. चैत्राम पवारांनी गावाला घेऊन जंगल राखलं, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या दोन गावांतल्या लोकांनी एकमेकांकडे जाऊन आठ-आठ दिवस राहावं असं मला फार वाटतं, माझ्या मते खरं सहकार्य ते. आणि आपण जी ज्वारी-बाजरी खातो ती हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतूनच आलीय, तेव्हा देणंघेणं काही नवं नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ पासून इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिचं एक केंद्र नायजर देशातही आहे, आणि दोन्हीकडं बाजरीवर काम चालतं.

राहिला कापसाचा भाव. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी जागतिक व्यापार संघटनेत सांगितलं की श्रीमंत देश आपल्या कापूस उत्पादकांना सबसिडी देतात त्यानं जगात भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. तो प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. भारतानं २०१२ पासून या देशांसाठी कापसाच्या तांत्रिक मदतीचा कार्यक्रम चालवला. तिथला कापूसवाला तुमच्यासारखाच अडलेला आहे दादा, त्याचं भांडण ते तुमचंही आहे.

प्रश्न : माझ्या वर्गात घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी मुलं आहेत. पालक म्हणतात पहिलीपासून इंग्रजीच शिकवा. आफ्रिकेत हा प्रश्न कसा सोडवला?
– एक शिक्षिका, धडगाव

उत्तर : ताई, पूर्ण कुठंच सुटलेला नाही, पण नायजेरियातला एक प्रयोग तुम्ही पालकसभेत जरूर सांगा. १९७० मध्ये इफे विद्यापीठाचे बाबातुंडे फाफुन्वा यांनी मुलांना प्राथमिकची सहाही वर्षं गणित-विज्ञानासकट सगळं योरुबा या त्यांच्या घरच्या भाषेत शिकवायचं ठरवलं, इंग्रजी हा एक विषय म्हणून, पण तो नीट तयार केलेल्या शिक्षकाकडून. पैसा अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनचा, पुस्तकं मात्र तिथल्याच लोकांनी लिहिली. ही मुलं मागं पडली नाहीत, उलट पुढं गेली आणि इंग्रजीतही कमी पडली नाहीत. पालकांना हीच तर भीती असते. नुसती भाषा बदलून भागत नाही ताई, पुस्तकं लागतात, शिक्षक लागतात. युनेस्कोनं २०२२ मध्ये सांगितलं की सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जवळजवळ १० कोटी मुलं-तरुण शाळेबाहेर आहेत. त्यामागं गरिबी आहे, लढाया आहेत, पण न कळणाऱ्या भाषेतली शाळा नकोशी होते हे तुम्हाला मी काय सांगायचं. पावरीतल्या गोष्टी, गाणी मुलांच्या आजीकडून लिहून घ्या आणि पहिलीच्या वर्गात वापरा, परवानगीची वाट बघू नका.

प्रश्न : मी बीएस्सी फिजिक्सला आहे. आफ्रिकेत विज्ञानात मोठं असं काही चाललंय का?
– एक विद्यार्थी, चोपडा

उत्तर : अरे खूप मोठं! दक्षिण आफ्रिकेच्या कारू या ओसाड भागात एसकेए नावाची, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण उभी राहतेय, १९७ डिशची. त्यातल्या ६४ तिथल्याच मीरकॅट या आधीच्या दुर्बिणीच्या, त्या २०१८ पासून सुरू आहेत. दुसरा भाग ऑस्ट्रेलियात. घाना, केनिया, झांबिया, मादागास्कर असे आठ आफ्रिकी देश भागीदार आहेत, आणि आपलं सरकारही १२५० कोटी रुपये देऊन यात उतरलंय. दुर्बीण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आखणीत पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेचा मोठा वाटा आहे, कारण नारायणगावजवळ खोडदला ३० डिशची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवायचा अनुभव त्यांच्याकडं आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन असतं, कॉलेजच्या सरांना सांगून सहल काढा. आणि आत्तापासून पायथन शिकायला घे, तिथल्या डेटाचं काम त्यावरच चालतं.