घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांची मराठीतील लिंगाची चूक कशी सुधारावी?
सोलापूरच्या पूर्व भागात मी मराठीची शिकवणी घेतो. 'माझा चादर' हा मुलांचा निष्काळजीपणा नसतो. तेलुगूत निर्जीव वस्तूंची अशी तीन लिंगांत विभागणीच होत नाही, त्यामुळे चादर स्त्रीलिंगी का, हे त्यांना तर्काने उमगणे शक्य नसते. म्हणून मी नाम कधीही सुटे शिकवत नाही. ती चादर, तो टॉवेल, ते सूत, असे वस्तू हातात देऊन म्हणवून घेतो. मूल बोलत असताना मध्येच तोडू नये. त्याचे संपले की 'हो, तुझी चादर मऊ आहे' असे सहज उत्तर द्यावे. घरातली तेलुगू बंद करायला मात्र पालकांना मुळीच सांगू नये. माझी एक विद्यार्थिनी आजीची गोष्ट आधी तेलुगूत सांगते आणि मग तीच मराठीत लिहिते.